आजीचा चेहरा लांबट का दिसतो?

प्रश्न: आई-बाबांचं लग्न २००१ सालचं, मिरजेच्या एका कार्यालयात झालेलं. पंचविसाव्या वाढदिवसाला अल्बम आणि छोटा स्लाइड शो करायचा घाट घातलाय. आम्ही सांगलीत नदीजवळ राहतो, त्यामुळे लग्नाचे कागदी फोटो २०१९च्या पुरात गेले. उरलंय ते व्हिडिओ. एक, फोटोग्राफरच्या कॅसेटवरून पुढे कधीतरी करून घेतलेली डीव्हीडी. दोन, मामाने अमेरिकेहून आणलेल्या हँडीकॅमवर केलेलं शूटिंग, त्याची फाइल त्याने जपून ठेवली होती. तीन, त्याच डीव्हीडीवरून एका स्टुडिओने हल्ली करून दिलेली 'एचडी' फाइल. तिन्हींतून मी फ्रेम काढल्या, रंग सुधारले आणि प्रिंट मारून आणले. डीव्हीडीतली आजी लांबट आणि बारीक दिसते, मामाच्या शूटिंगमधली गुबगुबीत, आणि एचडीमधली तर ओळखूच येत नाही. आत्या म्हणाली, "ही आमची आई नाहीच." मग फोनवरच्या अ‍ॅपमध्ये डोळ्याला बरं दिसेपर्यंत फोटो ओढले, तर आता प्रत्येक फोटोत वेगळीच आजी! भावाला स्लाइड शोसाठी ७२० बाय ५७६ मापाचे हवे होते, तसे कापून दिले, तर त्याच्या व्हिडिओत सगळेच जाड झाले. नेमकं करायचं काय?

उत्तर: आत्यांची नजर पक्की आहे. फोनवर ओढलेले सगळे फोटो आधी बाजूला ठेवा आणि त्यांची दुरुस्ती करत बसू नका. अंदाजाने ताणलेल्या फोटोवरून तो किती ताणला होता हे नंतर कळत नाही. शिवाय डोळा फार लवकर सरावतो. पाच मिनिटं लांबट चेहरा पाहिला की तोच खरा वाटू लागतो. पुन्हा मूळ फाइलींपासून सुरुवात करायची. काम वाटतं तेवढं मोठं नाही. तिन्ही ठिकाणी चेहरा बिघडायचं कारण वेगळं आहे, पण प्रत्येकावर उतारा म्हणून ठरलेला आकडा आहे.

डीव्हीडीतली फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलची असते. भागाकार करून पाहा, १.२५ येतो. पण २००१चा टीव्ही ४:३चा होता, म्हणजे १.३३. हा मेळ बसत नाही, आणि सगळी गडबड इथूनच सुरू होते.

टीव्हीचं चित्र डिजिटल कसं करायचं याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८२ साली ठरलं. आज ते बीटी.६०१ या नावाने ओळखलं जातं. तेव्हा जगात मुख्यतः दोन तऱ्हा होत्या. अमेरिका आणि जपानकडे ५२५ रेघांचं चित्र, सेकंदाला जवळपास ३० फ्रेम. युरोपात बहुतेक ठिकाणी आणि आपल्याकडे ६२५ रेघांचं, सेकंदाला २५ फ्रेम. दोघांना शक्यतो सारखीच यंत्रं चालावीत म्हणून दोन्हीकडे सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा माप घ्यायचं ठरलं, आणि दोन्हीकडे एका रेघेत ७२० पिक्सेल आले. रेघा मात्र वेगळ्याच राहिल्या. डीव्हीडीत किंवा डीव्ही टेपवर (हँडीकॅमच्या डिजिटल कॅसेटवर) आपल्याकडच्या ५७६, तिकडच्या ४८०. पडदा दोन्हीकडे ४:३चाच. आडवे पिक्सेल सारखे आणि उभे कमी-जास्त, मग पिक्सेल चौरस कसा राहणार? आपला उंचीपेक्षा किंचित रुंद, अमेरिकेचा किंचित अरुंद.

जुन्या टीव्हीला याचा काही त्रास नव्हता. तो पिक्सेल मोजतच नसे. आलेली रेघ काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची एवढंच त्याला ठाऊक. व्हिडिओ प्लेअरही फाइलीत लिहिलेलं प्रमाण वाचून चित्र योग्य रुंदीचं दाखवतात, म्हणून व्हिडिओ पाहताना तुम्हाला काही खटकलं नाही. फोटोचं सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक पिक्सेल चौरस फरशी समजून एकाला एक जोडून बसवतं. त्यामुळे डीव्हीडीतली आजी सहा ते आठ टक्के बारीक झाली आणि मामाच्या अमेरिकी कॅमेऱ्यावरच्या शूटिंगमधली दहा-बारा टक्के रुंद. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले की फरक वीस टक्क्यांचा होतो. आत्यांना तो दिसला नसता तरच नवल.

सहा ते आठ, दहा ते बारा, असं मोघम का बोलतोय तेही सांगतो, कारण यावर शोधायला गेलात तर दोन वेगवेगळी उत्तरं मिळतील आणि डोकं फिरेल. काही जण सांगतील ७२० बाय ५७६चं ७६८ बाय ५७६ करा, काही सांगतील ७८८ बाय ५७६. या ७२० पिक्सेलमध्ये दोन्ही कडांना थोडी जास्तीची जागा ठेवलेली असते. जुन्या टीव्ही-चित्राची खरी रुंदी साधारण ७०२ पिक्सेलमध्येच मावते. ७२०लाच ४:३ धरलं तर ७६८ येतं, ७०२ला धरलं तर ७८८. अडोबीच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्येही २००८च्या सीएस४ आवृत्तीच्या आधी पहिला हिशोब होता, तिथून दुसरा आला. म्हणून जुनी ट्यूटोरियल आणि नवी ट्यूटोरियल एकमेकांशी भांडतात. मी दुसऱ्या हिशोबाच्या बाजूने आहे. तुमच्या डीव्हीडीसारखी कॅसेटवरून आलेली फ्रेम मोठी करून पाहा, डाव्या-उजव्या कडेला बहुधा काळी पट्टी दिसेल. तीच ती जास्तीची जागा.

त्याच दुसऱ्या हिशोबाचा सोपा मार्ग असा. दोन्ही कडांचे आठ-आठ पिक्सेल कापून फ्रेम ७०४ बाय ५७६ करा आणि मग ती ७६८ बाय ५७६ला न्या. काळी पट्टीही जाते, प्रमाणही बसतं. इथला ७६८ कडा कापल्यानंतरचा आहे, पहिल्या हिशोबातला नव्हे. मामाच्या फ्रेमचंही तसंच: ७२० बाय ४८० असेल तर आठ-आठ कापून ७०४ बाय ४८०, आणि मग ६४० बाय ४८०. रुंदी कमी करून हाती असलेले पिक्सेल घालवायचे जिवावर येत असेल, तर रुंदी ७०४च ठेवून उंची ५२८ करा; प्रमाण तेच, छापायला थोडं जास्त मिळतं. मामाच्या कॅमेऱ्यात चित्र अगदी कडेपर्यंत भरलेलं असलं तरी हाच हिशोब धरा. मुख्य म्हणजे अल्बमभर एकच हिशोब ठेवा. ७६८ की ७८८ हा अडीच टक्क्यांचा वाद एकट्या फोटोत कुणाच्या लक्षात येणार नाही, पण एकच माणूस समोरासमोरच्या पानांवर दोन रुंदीचा नको.

आता प्रत्यक्ष काम. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये व्हिडिओ थांबवा आणि 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे जा. हवी ती मिळाली की स्नॅपशॉट घ्या. घेतल्यावर रंगांना हात लावण्याआधी फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये तिचं माप बघा. ७२० बाय ५७६ दिसलं तर पिक्सेल कच्चेच आले आहेत, वरचा हिशोब लागू. ७६८ किंवा ७८८च्या आसपास काही दिसलं तर प्लेअरने प्रमाण आधीच सुधारून दिलंय, पुन्हा ताणायचं नाही. कोणता प्लेअर, कोणती आवृत्ती, कोणती सेटिंग यावर हे बदलतं, त्यामुळे कुणीतरी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. माप पाहायला दोन सेकंद लागतात आणि निम्मे घोटाळे तिथेच टळतात.

फ्रेम निवडतानाच एक गोष्ट बघा. या जुन्या चित्रात एका फ्रेमच्या सम आणि विषम रेघा वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात, सेकंदाच्या पन्नासाव्या (मामाच्या शूटिंगमध्ये साठाव्या) भागाच्या अंतराने. माणूस स्थिर असेल तर कळतही नाही. पण अक्षता टाकणारा हात, हार घालताना झुकलेली मान, असं काही हललं की कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. म्हणून अक्षतांच्या गर्दीतली फ्रेम शोधत बसण्यापेक्षा अंतरपाट धरून मंगलाष्टक चालू असतानाची, अक्षता पडायच्या आधीची घ्या. तेव्हा सगळे आपापल्या जागी उभे असतात आणि भटजींचा हात सोडला तर फारसं काही हलत नाही. दाते असतीलच तर गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फिल्टर्स', 'एन्हान्स', 'डीइंटरलेस' असं जा. फोटोशॉपमध्ये 'फिल्टर'खाली 'व्हिडिओ'मध्ये ते मिळेल. हे माप बदलण्याच्या आधी करायचं. आधी उंची बदललीत तर सम-विषम रेघा एकमेकींत मिसळतात आणि मग ते दाते कुठल्याही फिल्टरने निघत नाहीत. आणि दाते नसतील तर हा फिल्टर लावूच नका, कारण तो निम्म्या रेघा टाकून त्या जागा अंदाजाने भरतो. आधीच तपशील कमी, त्यात आणखी कशाला घालवायचा?

मग कडा कापा, आणि त्यानंतर गिंपच्या 'इमेज' मेनूतलं 'स्केल इमेज' उघडा. रुंदी आणि उंचीच्या खान्यांशेजारी साखळीचं चिन्ह असतं. आयुष्यभर ती साखळी जोडलेलीच ठेवा म्हणून आपण सांगतो. आज या एका पायरीपुरती ती तोडायची. रुंदी ७६८, उंची ५७६ तशीच. ओके करा आणि साखळी पुन्हा जोडा. इथून पुढे फोटो लहान-मोठा करायचा तो फक्त साखळी जोडून. फ्रेम याआधीच वेडीवाकडी कापून ठेवली असेल तर हे आकडे बसणार नाहीत. तेव्हा टक्क्यांनी जा. डीव्हीडीतल्या तुकड्याची रुंदी १०९.०९ टक्के, मामाच्या तुकड्याची ९०.९१ टक्के, उंची दोन्हीकडे १००. कॅसेटवरून आलेल्या चित्रात तळाच्या काही रेघा फाटल्यासारख्या, एका बाजूला सरकलेल्या दिसतात. टीव्हीच्या चौकटीआड त्या लपून जायच्या म्हणून तेव्हा कुणी पाहिल्या नाहीत. त्या आता कापा. रंग, उजेड, धार हे सगळं यानंतर, आणि मधल्या फाइली पीएनजीमध्ये ठेवा, जेपीजीमध्ये नको.

फोटोशॉप वापरत असाल तर एका गोष्टीने फसाल. 'व्ह्यू' मेनूत 'पिक्सेल आस्पेक्ट रेशो करेक्शन' आहे. ते चालू केलं की पडद्यावर चेहरा बरोबर दिसतो आणि काम झालं असं वाटतं. ती फक्त दाखवण्याची सोय आहे. फाइलीतले पिक्सेल जसेच्या तसे राहतात, आणि प्रिंटच्या दुकानात पुन्हा लांबट आजी हातात येते.

बरोबर झालं की नाही हे चेहऱ्यावरून ठरवू नका. त्याच व्हिडिओत, त्याच माणसाने शूट केलेलं एखादं खरं वर्तुळ शोधा. कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ समोरून आलं असेल तर उत्तम. स्टेजमागच्या सजावटीतलं गोल चक्र किंवा बाजूने दिसणाऱ्या गाडीचं चाकही चालेल. ते फ्रेमच्या मधोमध असेल तर आणखी बरं. सिलेक्शनने त्याची आडवी आणि उभी मापं घ्या. दोन्ही जवळपास सारखी आली की त्या फाइलीतल्या सगळ्या फ्रेमना तोच आकडा बिनधास्त लावा. रांगोळी आणि पंगतीतली ताटं यात धरू नका. ती जमिनीवर असतात आणि कॅमेऱ्याला तिरकी दिसतात.

आता ती एचडी फाइल. स्टुडिओने डीव्हीडीवरूनच केली आहे म्हटल्यावर तिच्यात डीव्हीडीपेक्षा जास्त तपशील असण्याचं कारण नाही. १९२० बाय १०८० हा आकडा मोठा दिसतो इतकंच. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असत्या तर मी म्हटलं असतं वापरा. पण आजी ओळखूच येत नाही म्हणताय त्या अर्थी ४:३चं चित्र ओढून १६:९च्या पडद्यावर भरलंय, म्हणजे चेहरे एक तृतीयांशाने रुंद. आजही कितीतरी घरांत सपाट टीव्हीवर जुन्या मालिका अशाच ताणून पाहिल्या जातात आणि कुणाला काही वाटत नाही, तीच सवय दुकानांतही शिरली आहे. उपाय सोपा: उंची १०८० तशीच, रुंदी १४४०. काही ठिकाणी वेगळंच करतात, ताणण्याऐवजी वरचा आणि खालचा भाग कापून चित्र मोठं करतात. तिथे फेटे आणि मुंडावळ्या गेल्या त्या गेल्याच. दोन्हीपैकी काहीही झालं असलं तरी माझं मत असं की डीव्हीडी हाताशी असताना या फाइलीच्या वाट्याला जाऊ नये.

भावाच्या स्लाइड शोत सगळे जाड का झाले हेही आता लक्षात आलं असेल. तुम्ही सुधारलेला फोटो ७२० बाय ५७६ मापाला कापून दिलात. काही एडिटिंग सॉफ्टवेअरला नेमका हा आकडा दिसला की ते समजतात, ही जुनी व्हिडिओ-फ्रेम आहे, हिचे पिक्सेल रुंद आहेत; आणि स्वतःच ती रुंद करतात. एकदा तुम्ही, एकदा त्याने. प्रीमिअर असेल तर क्लिपच्या 'मॉडिफाय'मध्ये 'इंटरप्रिट फुटेज' उघडून 'स्क्वेअर पिक्सेल्स' निवडायला सांगा. पण मुळात २००१च्या मापाचा प्रोजेक्ट धरायची गरजच काय? हल्ली पाहणार सगळे फोनवर आणि मोठ्या टीव्हीवर. त्याला १९२० बाय १०८०चा, चौरस पिक्सेलचा प्रोजेक्ट उघडू दे. तुम्ही ७६८ बाय ५७६चे फोटो द्या आणि त्याने ते 'फिट' करून बसवावेत, 'फिल' किंवा 'स्ट्रेच' करून नको. उंची भरेल, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलची जागा उरेल. ती काळी ठेवा. त्याच फोटोची धूसर प्रत मागे लावायची हल्ली पद्धत आहे, मला ती आवडत नाही. पण तुमचं घर, तुमचा कार्यक्रम. उलट, सुधारलेली फ्रेम त्याच जुन्या व्हिडिओच्या टाइमलाइनमध्ये मूळ जागी परत बसवायची असेल, तेवढ्याच वेळी ती ७२० बाय ५७६ची कच्चीच ठेवायची, रुंदीला हात न लावता फक्त रंग सुधारायचे.

प्रिंटचं प्रमाण हा आणखी एक सापळा. लॅबमधला नेहमीचा ४ बाय ६ इंची कागद ३:२चा असतो, तुमचा फोटो ४:३चा. कागद पूर्ण भरायचा तर उंचीचा नववा भाग कापावा लागतो. तो लॅबच्या मशीनवर सोडलात तर वरून-खालून सारखा कापला जाईल, मग कुणाच्या डोक्यावरची टोपी गेली तरी मशीनला काय? त्यापेक्षा ७६८ बाय ५१२ला तुम्हीच पाहून कापा. न कापता हवा असेल तर ६ बाय ८ इंची कागद मागा, तो नेमका ४:३चा आहे. मात्र त्याहून मोठं जाऊ नका. ७६८ पिक्सेल ८ इंचांवर पसरले की इंचाला ९६च उरतात, चांगल्या प्रिंटला ३०० धरतात. ४ बाय ६वर १२८ मिळतात आणि कॅसेटवरच्या चित्राला तेवढंच झेपतं. अल्बममध्ये एका पानावर एक मोठा फोटो टाकण्यापेक्षा तीन-चार लहान टाका, जास्त देखणे दिसतील. एआयने फोटो मोठा करून घ्यायचा मोह होईल. करायचाच असेल तर प्रमाण सुधारल्यावर करा, आणि आत्यांना दाखवल्याशिवाय छापू नका. ही अ‍ॅप धूसर चेहऱ्यात नसलेले डोळे-नाक भरतात, आणि मग आजी खरंच दुसरी कुणीतरी होते.

दारात फ्लेक्स लावायचा विचार असेल तर त्यासाठी या फ्रेम नकोतच. लग्नाचे कागदी फोटो तुमच्याकडचे गेले, पण त्या काळी जवळच्या नातेवाइकांना प्रती काढून द्यायची पद्धत होती. मिरज-कोल्हापूरकडच्या चुलत-मावस घरांतून एकदा विचारणा करा. एखादा जरी प्रिंट मिळाला तरी स्कॅन करून तोच मोठा करा. त्यात या सगळ्या हिशोबाची कटकटही नाही.

इतर वाचकांपैकी ज्यांच्याकडे लग्नाची व्हीसीडी आहे, त्यांची फ्रेम ३५२ बाय २८८ची असेल. ती ३८४ बाय २८८ करा. डीव्हीडी १६:९ची असेल तर ७०४ला कापल्यावर ७६८ऐवजी १०२४ रुंदी घ्या. आणि नंतरच्या काळातल्या एचडीव्ही टेपवरची १४४० बाय १०८०ची फ्रेम काहीही न कापता सरळ १९२० बाय १०८० करायची.